अंधारातली सायकल

दोस्तांनो, आधी एक कोडं. दिवसा सगळ्यांना दिसते, रात्री कुणालाच दिसत नाही, तरीही रस्त्यावर असतेच असते. सांगा पाहू कोण?

भूत म्हणालात? चूक! भुताच्या पाठीवर दप्तर नसतं आणि ट्यूशन सुटल्यावर घरी पोचायची त्याला घाईही नसते. उत्तर सोपं आहे. ती आहे तुमची सायकल! दिवा नसलेली, रिफ्लेक्टर फुटलेली, काळ्या रंगाची सायकल. आणि तिच्यावर बसलेले तुम्ही.

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांतली कितीतरी मुलंमुली शाळा सुटल्यावर ट्यूशनला जातात, कुणी अभ्यासिकेत बसतात, कुणी मैदानावर रेंगाळतात. घरी परतताना अंधार पडलेला असतो. मोठ्या रस्त्यावर दुकानांचा तरी उजेड मिळतो. पण घराकडे वळणारी गल्ली? तिथला एक दिवा लागतो, दुसरा मिचमिचतो आणि तिसरा कधीपासून बंद आहे ते कुणालाच आठवत नाही. खाली खड्डे, बाजूला उघडी नाली. घरी आजी दारात उभीच! "इतका उशीर काऊन झाला रे बाबू?"

आज आपण याच गल्लीतून एक फेरी मारू या. अंधारात नेमकं काय घडतं, आपण काय करू शकतो आणि कोणतं काम आपलं नसून दुसऱ्या कुणाचं आहे, तेही पाहू या.

आपला सूर्य लवकर मावळतो!

तुम्हाला ठाऊक आहे का? डिसेंबरच्या सुरुवातीला भंडाऱ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी मुंबईत तो सहा वाजेपर्यंत आकाशात असतो. असं का बरं?

भूगोलाचं पुस्तक आठवा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर भंडारा साधारण ७९.६ अंशावर. फरक झाला जवळजवळ ७ अंशांचा. करा गुणाकार! सुमारे २७ मिनिटं आली ना? सूर्य आपल्याकडे तेवढा आधी मावळतो, पण घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच आहे. त्यामुळे हिवाळ्यात सहाच्या ट्यूशनला निघालेल्या मुंबईच्या मुलाला जाताना तरी उजेड मिळतो. भंडाऱ्याच्या मुलीला मात्र जाताना आणि येताना, दोन्ही वेळा दिवा हवा.

"मला तर सगळं दिसतं!"

दिवा का लावत नाहीस, असं कुणाला विचारलं की हमखास हेच उत्तर मिळतं. "रस्ता रोजचाच आहे. मला सगळं दिसतं." असेलही! पण रात्री प्रश्न नुसता तुम्हाला दिसण्याचा नसतो. तुम्ही दुसऱ्याला दिसता का, हा खरा प्रश्न असतो.

थोडं गणित करू. पाटी-पेन्सिल घ्या. एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येते आहे. तासाचे सेकंद ३६००. ६०,००० मीटर भागिले ३६०० केलं की उत्तर येतं जवळजवळ १७ मीटर. म्हणजे "एक" म्हणेपर्यंत गाडी १७ मीटर पुढे आलेली असते.

आता समजा, सायकलची चेन पडली म्हणून तुम्ही रस्त्याच्या कडेला वाकून उभे आहात. अंगात गडद कपडे आहेत, सायकलला दिवा नाही. गाडीवाल्याला तुम्ही ३० मीटरवर आल्यावर दिसलात. दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आली. उरले किती? फक्त ५ मीटर! आणि ब्रेक दाबल्यावर गाडी काही जागच्या जागी थांबत नाही. रस्ता कोरडा आणि चांगला असला तरी तिला थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात.

आता हेच गणित दुसऱ्या तऱ्हेने मांडा. तुमच्या सायकलीवर काहीतरी चमकलं आणि गाडीवाल्याला तुम्ही १०० मीटरवरूनच दिसलात. मग त्याच्या हाती सहा सेकंद आले! सहा सेकंदांत तो वेग कमी करील, बाजूने जाईल, हॉर्न वाजवील. रस्ता तोच, गाडी तीच, तुम्हीही तेच. फरक पडला तो एका चमकीने.

डोळ्यांनाही वेळ द्या

लख्ख उजेडाच्या वर्गातून बाहेर पडलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. याचं कारण आपल्या डोळ्यातच आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकू पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. या दंडाकार पेशी अंधाराला पुरत्या सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात. आणि समोरून मोटारीचा झोत आला की ही सगळी कमाई क्षणात गेली!

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्गातून बाहेर पडल्या पडल्या सायकल सुसाट सोडू नका. दोन मिनिटं थांबा, चेन बघा, मित्रांशी बोला, मग निघा. आणि समोरून झोत आला तर त्याच्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग कमी करा.

आणखी एक गंमत. तिन्हीसांजेला बागेतली लाल फुलं आणि हिरवी पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. दिवसा लाल फूल उठून दिसतं. अंधार पडू लागला की तेच काळपट होतं आणि पानं मात्र त्या मानाने उजळ वाटतात! एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे ध्यानात आलं. त्या दंडाकार पेशींना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे दिवसा भडक वाटणारा तुमचा लाल शर्ट रात्री काळ्यातच जमा! पांढरा किंवा फिकट पिवळा शर्ट बरा. चमकणारी पट्टी असेल तर त्याहून बरी.

या दंडाकार पेशींना काम करायला अ जीवनसत्त्व लागतं. ते फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. तेव्हा आई पालेभाजी वाढते, शेवग्याचा पाला घालते, पपई कापते, तेव्हा नाकं मुरडू नका!

परात, मांजर आणि चंद्र

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. घरातली घासूनपुसून लखलखीत केलेली परात घ्या आणि उन्हात तिरपी धरा. कवडसा कुठे पडला? समोरच्या भिंतीवर! परातीवर आलेला प्रकाश तिने दुसरीकडेच फेकला. सायकलीला नुसता आरसा लावला तर हेच होईल. मोटारीचा प्रकाश भलतीकडे जाईल आणि ड्रायव्हरला काहीच दिसणार नाही.

रिफ्लेक्टर मात्र हुशार असतो. प्रकाश जिकडून आला तिकडेच तो परत पाठवतो. हे तो कसं करतो? सायकलीचा लाल रिफ्लेक्टर जवळून बघा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी दिसेल. त्यातला प्रत्येक कण म्हणजे एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन इवल्या भिंतींचा कोपरा असतो. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात ना, तस्साच! या कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तिन्ही भिंतींवर टप्पे घेतो आणि आल्या वाटेने परत जातो. मोटारीचा प्रकाश मोटारीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे!

करून पाहा: दोन छोटे आरसे एकमेकांना काटकोनात चिकटवा आणि मधल्या रेघेकडे बघा. आरसे डावीकडे-उजवीकडे थोडे फिरवले तरी तुमचा चेहरा मध्येच राहतो. रिफ्लेक्टरचं गुपित हेच!

मांजरीचे डोळे रात्री चमकतात, तेही काहीसं असंच. तिच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. गाई-म्हशींच्या डोळ्यांतही असतो, आपल्या डोळ्यांत नसतो. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ नावाच्या माणसाला रात्री घरी जाताना मांजरीचे चमकते डोळे पाहून कल्पना सुचली, असं सांगतात. त्याने १९३४ साली रस्त्यात बसवायच्या चमकत्या खुंट्यांचं पेटंट घेतलं. नाव काय ठेवलं असेल? 'मांजराचे डोळे'! आज आपल्या महामार्गांवर अंधारात लुकलुकणाऱ्या खुंट्या दिसतात त्या या कल्पनेच्याच वंशातल्या.

आणि चंद्र? १९६९ साली अपोलो ११ मधून गेलेल्या अंतराळवीरांनी चंद्रावर रिफ्लेक्टरचा एक चौकोन ठेवला. त्यात १०० कोपरे आहेत. पृथ्वीवरून लेसरचा किरण सोडला की तो अडीच सेकंदांत जाऊन परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजता येतं. चंद्र आपल्यापासून दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे, हे असंच कळलं. म्हणजे तुमच्या मडगार्डवर जे बसवलं आहे त्याचा भाऊबंद चंद्रावर बसला आहे. मग त्याच्यावरचा चिखल पुसायला नको का?

जाता जाता एक. दुकानात आपण "रेडियम लावून द्या" म्हणतो. त्या चमकत्या पट्टीत रेडियम मुळीच नसतं! खरं रेडियम मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलं. ते किरणोत्सारी आणि घातक असतं. एके काळी घड्याळांचे आकडे रात्री दिसावेत म्हणून ते वापरत. त्यावरून चमकणाऱ्या सगळ्यालाच लोक रेडियम म्हणू लागले असावेत. आपल्या पट्टीत असतात बारीक काचमणी किंवा तेच काटकोनी कोपरे. तिला स्वतःचा उजेड नसतो. दिवा तिच्यावर पडला तरच ती चमकते.

कंदिलापासून एलईडीपर्यंत

सायकलीचा दिवा हा काही आजचा शोध नाही. सुरुवातीला तेलाचे दिवे होते. मग कार्बाइडचा दिवा आला. त्यात कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो जळून पांढरा उजेड पडायचा.

नंतर आला डायनॅमो. तुमच्या बाबांनी नक्की वापरला असेल, विचारून बघा! बाटलीसारखा तो डबा मागच्या टायरला टेकवायचा. चाक फिरलं की डायनॅमोचं डोकं फिरायचं, आतलं चुंबक तारेच्या वेटोळ्यात फिरायचं आणि वीज तयार व्हायची. मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलेलं तत्त्व सायकलीवर गुर्रगुर्र करत चालायचं! तोटे दोन. पायडल जड व्हायचं आणि सायकल थांबली की दिवाही विझायचा. म्हणजे चेन पडून थांबलात की पुन्हा तुम्ही अदृश्य!

आजचे एलईडीचे छोटे दिवे थांबल्यावरही चालू राहतात आणि वीज फार थोडी खातात. पुढे पांढरा, मागे लाल, एवढं पुरे. पुढच्या दिव्याचा झोत मात्र रस्त्यावर पडू द्या, समोरच्याच्या डोळ्यांत नको.

जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा असायचा, आठवतो? त्याचीही गोष्ट आहे. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा बॉम्बफेकी विमानांना शहरं दिसू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये रस्त्यांवरचे दिवे विझवले गेले. झालं भलतंच! अंधारातल्या अपघातांत खूप माणसं मेली. मग रस्त्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या आणि सायकलींच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टाही उपयोगी पडला. थोडासा पांढरा रंगसुद्धा जीव वाचवतो, हे लोकांनी असं शिकलं. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासतात, त्याचाही हा एक उपयोग आहेच.

आजोबांना विचाराल तर ते सांगतील, दिवा नसला की पोलीस सायकल अडवायचे. काही नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. ते दिवस गेले. पण २०२० साली केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरचा दर्जा कसा असावा याचा आदेश काढला आहे. तेव्हा नवी सायकल घेताना नीट बघा. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही पायडलांना पिवळे आणि चाकांच्या तारांमध्येही रिफ्लेक्टर हवेत. "शोभेचे आहेत, काढून टाक" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका! पायडलचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लांबूनही ओळखू येतं.

गल्लीचा अभ्यास

आता रस्त्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाणी हा डांबरी रस्त्याचा शत्रू. बारीक भेगेतून पाणी खाली शिरतं, खालचा मुरूम मऊ पडतो, वरून ट्रक-ट्रॅक्टर जातात आणि गिट्टी सुटते. आज वाटीएवढा असलेला खड्डा महिन्याभरात परातीएवढा होतो. पाण्याला वाट नसली, नाली तुंबली, की खड्डा वाढलाच समजा. म्हणून रस्ता नुसता वरून बुजवून भागत नाही. पाणी कुठे जाणार, तेही बघावं लागतं.

खड्ड्यात पाणी भरलं की रात्री तो सपाट रस्त्यासारखा दिसतो. त्याची खोली कळत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा शहराच्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलं होतं. रस्ता कुठला आणि नाली कुठली, हे त्या पाण्यात ओळखणं कठीण! रस्त्यावर पाणी असेल तर त्यात सायकल घालायची नाही, हा नियम पक्का करा. उतरा, परत फिरा, दुसऱ्या वाटेने जा.

ऋतूंप्रमाणे धोकेही बदलतात. पावसाळ्यात गुरं कोरड्या डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर! तिने मान वळवली तर डोळे चमकतात, पाठ केली असेल तर काहीच दिसत नाही. धान निसवण्याच्या सुमाराला तुडतुडे दिव्यांभोवती गर्दी करतात आणि नेमके डोळ्यांत जातात. साधा पारदर्शक चष्मा असला तर बरं. दिवाळीनंतर धानाची पोती घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात. कित्येकींना मागे दिवा नसतो आणि त्या रस्त्यातच उभ्या राहतात. थंडीत नदीकाठाला धुकं असतं.

आणि कुत्री! कुत्रं मागे लागलं की आपण जोरात पायडल मारतो आणि ते आणखी जोरात धावतं. पळणाऱ्याचा पाठलाग करायचा, हा त्याचा स्वभावच. वेग कमी करा. फारच जवळ आलं तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि शांतपणे चालू लागा. बहुतेक वेळा त्याचा उत्साह मावळतो.

रस्त्याचा हा अभ्यास दिवसाउजेडीच करायचा. रविवारी सकाळी नेहमीच्या वाटेने सावकाश जा. एका कागदावर नकाशा काढा. खड्डा कुठे, झाकण नसलेलं चेंबर कुठे, रंग उडालेला ब्रेकर कुठे, कोणत्या खांबाचा दिवा बंद, सगळं त्यात मांडा. हा कागद जपून ठेवा. तो पुढे फार कामाला येणार आहे.

"जपून जा" आणि "जाऊ नको"

अंधारी गल्ली सगळ्यांना सारखीच असते, असं वाटतं ना? नीट बघा. घरातून निघताना मुलाला सांगतात, "जपून जा." मुलीला सांगतात, "जाऊ नको."

गल्लीतला दिवा बंद पडला की भाऊ हळू जातो. बहीण घरीच बसते. तिची ट्यूशन सुटते, अभ्यासिका सुटते, कबड्डीचा सराव सुटतो. एका दिव्याची किंमत अशी कुणाच्या तरी शिक्षणातून वसूल होते.

सायकल मुलीला किती पुढे नेते, हे तर मोजून झालं आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे तिचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींचं हायस्कुलात जाण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तिथे फरक सर्वांत जास्त पडला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात २०११-१२ पासून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या आणि त्यांना शाळेत ने-आण करणाऱ्या एसटीच्या निळ्या बसगाड्या धावू लागल्या.

सायकल मिळाली, हे चांगलंच झालं. पण सायकल घरापासून शाळेपर्यंत जाते ती रस्त्यावरून. रस्ता अंधारा असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर ती सायकल भिंतीला टेकवून ठेवावी लागते. मग अर्धीच सायकल मिळाली म्हणायची की!

खांबाला नंबर असतो

गल्लीत दिवा लावणं हे कुणाचं काम? "सरकारचं" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण उत्तर त्याहून नेमकं आहे. महाराष्ट्रात नगर परिषदा आणि नगर पंचायतींसाठी १९६५ सालचा कायदा आहे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे त्यात नगर परिषदेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दिवा लागला तर उपकार झाले, असं नाही. ते तिचं कामच आहे. आपल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली इथे नगर परिषद आहे. मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर इथे नगर पंचायत आहे. खेडेगावात हे काम ग्रामपंचायतीकडे येतं.

पण "आमच्या भागात अंधार आहे" एवढंच लिहिलं तर वायरमनने जायचं कुठे? म्हणून तो नकाशा! विजेच्या खांबावर बहुधा रंगाने नंबर लिहिलेला असतो. तो टिपा. नंबर नसेल तर जवळची खूण लिहा. मग आईबाबांची किंवा सरांची सही घेऊन असा अर्ज करता येईल:

"मा. मुख्याधिकारी साहेब,
स. न. वि. वि.
आमच्या वॉर्डातील शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या रस्त्यावरील खांब क्र. __, __ व __ यांवरील दिवे दि. ______ पासून बंद आहेत. दुसऱ्या खांबाजवळ नालीचे झाकण तुटले आहे. या रस्त्याने रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळात __ विद्यार्थी व विद्यार्थिनी सायकलने जातात. कृपया दिवे सुरू करावेत व झाकण बसवावे. सोबत नकाशा जोडला आहे.
आपले विनम्र,"

खाली सगळ्यांच्या सह्या. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर 'पोहोच' म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. पंधरा दिवसांनी मोठ्यांना घेऊन पुन्हा जा आणि ती प्रत दाखवा. नगरसेवकांना भेटा. 'आपले सरकार' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. एकदा अर्ज करून काम झालं नाही तर रुसून बसू नका. पुन्हा जा!

दुर्लक्षाची किंमत काय असते, हे मुंबईच्या दादाराव बिल्होरे यांना विचारावं. ते भाजी विकतात. २०१५ च्या जुलै महिन्यात भर पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे अपघात झाला आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. मोटरसायकलवर मागे बसला होता तो. त्यानंतर दादाराव स्वतः रस्त्यांवरचे खड्डे बुजवू लागले. असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले आहेत. दुसऱ्या कुणाचं मूल जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण एक ध्यानात ठेवा. रस्त्यात उतरून खड्डा भरणं, खांबावर चढणं, तारेला हात लावणं ही कामं तुमची नाहीत. तुमचं काम बघायचं, मोजायचं, लिहायचं आणि मोठ्यांच्या मागे लागायचं. मागे लागण्यात तर तुमचा हात कुणी धरणार नाही!

आईबाबांसाठी थोडंसं

आता हे पान आईबाबांच्या हातात द्या.

मुलं रात्री सायकलवर असली की जिवाला घोर लागतो, हे खरं आहे. पण "जाऊ नको" म्हणण्याआधी एकदा त्या वेळी त्या वाटेने त्यांच्याबरोबर जाऊन बघा. कोणता तुकडा खरंच धोक्याचा आहे ते कळेल. कित्येकदा चार मिनिटं जास्त लागणारी, पण उजेडाची वाट सापडते. एकाच वस्तीतली चार मुलं एकत्र निघतील अशी वेळ ट्यूशनच्या सरांशी बोलून ठरवता येते. सायकलीला घंटी, ब्रेक आणि दोन दिवे आहेत ना, एवढं महिन्यातून एकदा तरी तपासा. शक्य असेल तर डोक्याला हेल्मेट घ्या. आणि मुलांनी अर्ज लिहून आणला तर "याने काय होणार" म्हणू नका. सही करा, त्यांच्याबरोबर कार्यालयात जा. मुलीची ट्यूशन बंद करण्यापेक्षा खांबावरचा दिवा सुरू करून घेणं जास्त कष्टाचं आहे. पण त्या दिव्याखालून दुसऱ्यांच्याही मुली जातील.

आज रात्रीच करून बघा!

अंधार पडला की सायकल अंगणात उभी करा. अंगणातला दिवा घालवा. टॉर्च घेऊन वीस पावलं मागे जा. टॉर्च डोळ्यांजवळ धरा आणि सायकलीवर उजेड टाका. काय काय चमकलं ते मोजा. मागचा लाल? पायडलचे पिवळे? चाकातले? मग पुढच्या बाजूने जाऊन बघा. एका बाजूने बघा. आता धाकट्या भावंडाला दप्तर पाठीला लावून शेजारी उभं करा. दप्तर चमकलं का?

जिथे काहीच चमकलं नाही, तिथे उद्या शाळेत जाण्याआधी एक पट्टी लावा. आणि परवा तो खांबांचा नकाशा काढायला घ्या.